गच्चीवरचं प्लॅस्टिक का मोडतं?

कपड्यांचे रंगीत चिमटे एका उन्हाळ्यात फिके पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात बोटांत कटकन मोडतात. लोक उन्हाच्या तापाला बोल लावतात, पण खरं काम अतिनील किरणांचं. साधारण 290 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण जमिनीपर्यंत पोचतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूसाखळ्या तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात असते. साखळी तुटली की तिथे हवेतला ऑक्सिजन घुसतो आणि पृष्ठभागावर बारीक तडे पडतात. पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लॅस्टिक यात फार लवकर हार मानतं, आणि आपले स्वस्त चिमटे, दोऱ्या बहुतेक त्याचेच!

म्हणून उन्हात ठेवायची वस्तू घेताना ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ (म्हणजे अतिनील किरणांत टिकेल असं बनवलेलं) असं लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर काळा रंग निवडा. काळ्या प्लॅस्टिकमध्ये सहसा काजळीसारखी कार्बनची पूड मिसळलेली असते. ती हे किरण स्वतःच शोषून घेते. पाण्याच्या टाक्या काळ्या दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे.

जुन्या दोरीवरून तळवा फिरवून पाहा. भुकटी किंवा कुसळं हाताला लागली, तर त्या दोरीला कुंडी टांगू नका.

काचेमागची वस्तूही पूर्ण सुरक्षित नसते बरं का. खिडकीची साधी काच 320 नॅनोमीटरच्या खालचे किरण बरेचसे अडवते, वरचे बहुतांश आत सोडते. खिडकीजवळचे पडदे विटतात ते याच किरणांमुळे, अर्थात दिसणाऱ्या उजेडाचाही त्यात हात असतो.