कोलेस्टेरॉलची गोळी आणि बेचव जीभ: या चुका टाळा

"काहून व, वरणात मीठ नाही घातलं का?" कोलेस्टेरॉलची गोळी अटोर्वास्टॅटिन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा बाबांनी आईला विचारलं. मीठ होतं, बाबांच्या जिभेलाच ते लागत नव्हतं. मग ताटात वरून मीठ आलं, लोणचं वाढलं, रविवारी सावजीचं, म्हणजे नागपुरी झणझणीत रश्शाचं पार्सल. म्हणजे गोळी चरबीवर आणि चवीसाठी वर तर्रीचा थर! पहिली चूक हीच. दिवसाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, एवढंच मीठ पुरे, आणि बीपी असेल तर हात आणखी आखडता हवा.

दुसरी चूक मोठी: परस्पर गोळी बंद करणं. काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा वर जातं आणि ते कुठे दुखत-खुपत नाही, म्हणून कळतही नाही. डोस किंवा गोळी बदलता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

तिसरी चूक आम्हीही केली, सगळा दोष याच गोळीवर टाकला. या गोळीने चव बिघडते, पण फार थोड्यांची. सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्यावर दिसलं, हिरड्या सुजल्या म्हणून त्याच आठवड्यात मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सुरू झालं होतं. तोंडाला धातूसारखी चव आणण्यात ते बदनामच. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची कॅप्टोप्रिलही तसंच करू शकते. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण! नागपुरात तो डॉक्टरांना कोण सांगतो? सांगा.

जेवणाआधी कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा. आंबट कामी येतं: वरणावर लिंबू, अंबाडीची भाजी. सोबत कमी मिठाची जवसाची चटणी. तोंडात लोखंडासारखं लागत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा घ्या. गोळी चघळू नका, भरपूर पाण्यासोबत गिळा, नाहीतर कडवटपणा जिभेवरच बसतो.

संत्र्याचं विचाराल तर आपलं नागपुरी संत्रं चालतं. अटोर्वास्टॅटिन किंवा त्याच जातीच्या सिम्वास्टॅटिनसोबत टाळायचं ते ग्रेपफ्रूट, आणि त्याचं भावंड पपनसही नकोच.

अंग विनाकारण दुखू लागलं किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर मात्र चवीचं राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.