त्याचा सा, त्याचा रंधा, त्याची वाट: गेलेल्या तरुण मुलाची आठवण कशी जपावी

पंचविशी-तिशीतला मुलगा गेला की फोटोला हार चढतो आणि त्याच्या वस्तू एका खोलीत बंद होतात. मुलगा गाणारा, लाकडात रमणारा, डोंगरात हिंडणारा असेल, तर ती खोली बंद ठेवू नका. त्याच्या वस्तू वापरात राहिल्या तरच टिकतात. रंध्याचं पातं पहिल्याच पावसाळ्यात गंजतं, तानपुऱ्याच्या तारा काळ्या पडतात, फोनचं लॉक कुणालाच उघडत नाही. वर्षश्राद्धापर्यंत काय करता येईल, ते सातारा-सांगलीचं हवामान आणि इथले कारागीर डोळ्यांसमोर ठेवून पुढे लिहिलं आहे.

सगळ्यात आधी त्याचा आवाज. त्याचा मोबाइल नंबर इतक्यात बंद करू नका, निदान सहा महिने रिचार्ज करत राहा. खात्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि गाणी त्या खात्यांतच असतात. मित्रांकडचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधे मागवले तर दाबले जाऊन येतात, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फाइलला तारीख आणि राग लिहा आणि दोन वेगळ्या घरी एकेक प्रत ठेवा. खाकरणं, ‘थांब, परत घेतो’ म्हणणं, तबला जुळवतानाची टकटक, यातलं काहीही कापू नका. आई-वडिलांना पुढे तेच ऐकायचं असतं.

मग हत्यारं. रंधा, पटाश्या, खतावणी (फळीच्या कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार), गुण्या (काटकोन तपासायचा), करवती एका सतरंजीवर मांडा आणि आहे त्या स्थितीत फोटो काढा. गंज आला असेल तर बारीक पॉलिश पेपरला शिलाई मशीनचं तेल लावून पात्याच्या लांबीत घासा. गोडंतेल किंवा मोहरीचं तेल लावू नका, ते चिकट होतं आणि वर धूळ धरतं. रंध्याचं पातं ठोकळ्यातून काढून वेगळं पुसा, कारण ओल पातं आणि लाकूड यांच्या मधेच साठते. लाकडी मुठी घासून गुळगुळीत करू नका. त्याच्या तळव्याने आलेली चकाकी पॉलिशने परत येत नाही.

हत्यारं वाटायची असतील तर एकेक करून नको, संच म्हणून द्या. सुतारकाम शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या हाती ती रोज चालतील. घरात ठेवायची ठरली तर निदान खंडेनवमीला पूजेआधी बाहेर काढून तेल-पाणी करा. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे काय बिघडलं तेही त्याच दिवशी कळतं.

त्याने आणून ठेवलेल्या लाकडातून त्याच्या नावाचा एक बाक करावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. आधी लाकूड ओळखा. उघड्यावर ठेवायच्या बाकाला सागवानच घ्या. आंब्याच्या फळ्या असतील तर बाक घरात किंवा पडवीत ठेवा. आंब्याला भुंगा लवकर लागतो. फळीखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर ती फळी बाजूला काढा. कापलेल्या ओल्या लाकडाला सावलीत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागतं. ओलं लाकूड जोडलं तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधे सैल होतात.

दोघांना बसायचा बाक चार फूट लांब आणि सतरा इंच उंच पुरतो. बसायला साडेचार इंच रुंद, दीड इंच जाड अशा तीन फळ्या घ्या आणि दोन फळ्यांत दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट ठेवा, म्हणजे रुंदी बरोबर चौदा इंच होते आणि पावसाचं पाणी खाली जातं. पाय अडीच इंच चौरस, साडेपंधरा इंच उंच. पायांना जोडणाऱ्या पट्ट्या तीन इंच रुंद, दीड इंच जाड. पट्टीच्या टोकाला अर्धा इंच जाडीचं कुसू (खाचेत बसणारी जीभ) काढा आणि पायात तेवढीच खाच सव्वा इंच खोल पाडा. इथे एक चूक हमखास होते. आखूड आणि लांब पट्टीच्या खाचा पायात एकाच उंचीवर घेतल्या, तर त्या आत एकमेकींना कापतात आणि पाय तिथूनच मोडतो. म्हणून आखूड पट्ट्या वर घ्या, त्यांच्यावर फळ्या बसतील, आणि लांब पट्ट्या त्यांच्या खाली घ्या. कुसू हाताने दाबून अर्धं आत जावं आणि मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) दोन-चार ठोक्यांत पूर्ण बसावं. जास्त ठोकावं लागत असेल तर थांबा, नाहीतर पाय उभा चिरतो. सांध्याला पाण्यात टिकणारा गोंद लावा. फळ्या खालून स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी स्क्रूने कसा. साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि भोवती काळे डाग पडतात.

फळीवर त्याच्या खतावणीच्या रेघा, पेन्सिलचे आकडे, ‘उजवी’ असली खूण सापडली तर तिच्यावर रंधा मारू नका. ती बाजू खाली करा. बाकाखाली वाकून बघणाऱ्याला ते अक्षर दिसेल.

नाव कोरायचं तर फक्त नाव कोरा. जन्म-मृत्यूच्या तारखांनी बाकाचा शिलालेख होतो आणि लोक बसायला बिचकतात. अक्षरं निदान सव्वा इंच उंच ठेवा. कागदावर छापून कार्बनने उतरवा. आधी काने आणि उभ्या रेघा, म्हणजे लाकडाच्या रेषेला आडवे काप घ्या, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. शिरोरेषा लाकडाच्या रेषेतूनच जाते. ती आधी कोरली तर उभ्या रेघेची पटाशी तिथे पोचताच कपचा उडतो. ‘व’, ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातला इवला तुकडा सगळ्यात नाजूक, तिथे हातोडी नको, नुसत्या हाताने पटाशी दाबा.

तेल देण्याचं काम मेच्या आत आटपा. विकत मिळणारं ‘बॉइल्ड’ जवसाचं तेल (घरी उकळू नका) आणि टर्पेंटाइन पहिल्या हाताला निम्मंनिम्मं घ्या, पुढचे दोन हात नुसत्या तेलाचे. वीस मिनिटांनी वर उरलेलं तेल पुसलंच पाहिजे, नाहीतर बाक महिनाभर चिकचिकतो. दोन हातांत निदान एक दिवस जाऊ द्या. पायांची खालची टोकं तेलात उभी करून ठेवा, पाणी तिथूनच वर चढतं. आणि ही सूचना जिवाची समजा: जवस तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

बाक मातीवर ठेवू नका, वाळवी लागेल. पायांखाली फरशीचे तुकडे द्या. शाळेत किंवा देवळाच्या आवारात ठेवायचा असेल तर लेखी परवानगी घ्या आणि दर उन्हाळ्यात तेलाचा हात कोण देणार, ते तेव्हाच ठरवा.

आता तानपुरा. भोपळा हे वाळवलेलं फळच आहे, बरेचसे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून मिरजेला येतात. जरा धक्का लागला की तडकतो. तडा गेला तर घरी एम-सील भरू नका. मिरजेच्या कारागिराकडे न्या. वाटेत तारा दोन-तीन सुरांनी उतरवा आणि वाद्य हातात किंवा सीटवर ठेवा. जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवण्याचं काम, तेही त्यांच्याच हातचं. घोडी घरी घासली तर गेलेला आवाज तुमच्याने परत येणार नाही. तारा मात्र घरी बदलता येतात, पण एका वेळी एकच. बऱ्याच तानपुऱ्यांत घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. चारही तारा एकदम काढल्या की ती सरकते. म्हणून आधी तिच्या कडेने पेन्सिलची बारीक रेघ मारा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडू चोळा, अडकलेली पक्कडीने पिळू नका.

स्मृतिदिनाच्या बैठकीला तानपुरा त्याच्या स्वरात लावा. पुरुषांचा सा बहुधा काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास असतो, पण ॲपच्या आकड्यावर जाऊ नका. त्याच्या रेकॉर्डिंगमधला सा कानाने पकडा. मग त्याचं गाणं स्पीकरवर आणि तानपुरा समोर, दोन्ही एकत्र चालवता येतं. तासभर आधी जुळवायला बसा, पंख्याचा झोत तारांवर येऊ देऊ नका. सूर बारीक जुळवायचे तारांतले मणी शेवटी सरकवा. भाषणं नकोतच, गाणाऱ्याची आठवण गाण्यातूनच काढण्याची रीत आपल्याकडे आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मृतीत आजही गायन-वादन होतं. त्या दिवसानंतरही आठवड्यातून एकदा तानपुरा छेडला गेला पाहिजे.

डोंगरावर मात्र त्याच्या नावाचं काहीही ठेवू नका. किल्ल्याच्या दगडावर नाव रंगवणं हा गुन्हा आहे, पाटीही परवानगीशिवाय लावता येत नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर (पठारावर) त्याच्या नावाने झाड लावायचा विचार बरेच जण करतात. तिथे जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो, फुलं त्याच्यावरच जगतात. खड्डा खणला की तेवढी जागा कायमची गेली. झाड गावात लावा, दोन फुटी खड्ड्यात, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर, आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी घाला.

डोंगरावर जायचं ते त्याच्या वाटेने चालायला. आई-वडील बरोबर असतील तर साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला धरा, दरवाजापर्यंत गाडी जाते. मिरजेकडच्यांना दंडोबाचा डोंगर जवळ पडतो. वासोटा किल्ला त्याचा आवडता असेल तर तो मित्रांसाठी ठेवा: बामणोलीतून लाँच, वनखात्याची परवानगी, दाट जंगलातली खडी चढण, आणि मुक्कामाला मनाई. पावसाळ्यात तो बंदच असतो, म्हणून स्मृतिदिन जुलै-ऑगस्टात येत असेल तर ही फेरी डिसेंबर-जानेवारीत करा. माणशी तीन लिटर पाणी, शिधा प्लास्टिकऐवजी डब्यात, आणि पहिली लाँच गाठायला साताऱ्यातून पहाटेच निघा.