व्हीली शिकायची तर आधी मागचा ब्रेक

विट्याला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. महिन्याकाठी एखादा तरी पोरगा व्हीली मारताना, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एकाच चाकावर गाडी चालवताना पडतो आणि गाडी ढकलत आणतो. मागची नंबरप्लेट दुमडलेली, टेललाइटचा चुरा, मडगार्डावर डांबराचे ओरखडे. "मामा, खड्ड्यात गेली," म्हणतो. मी ओरडत नाही. आधी हातपाय हलवून दाखव म्हणतो, चहा सांगतो आणि मग विचारतो, चाक वर गेलं तेव्हा उजवा पाय कुठं होता? उत्तर ठरलेलं असतं. मागच्या ब्रेकवर नव्हता.

माझाही नव्हता. २००७ साल, यामाहाची आरएक्स १३५, टू-स्ट्रोक इंजिन. रेस एका ठिकाणी पोचली की ती गाडी एकदम झेपावते. हँडल छातीवर आलं आणि मी पाठीवर पडलो. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. सोबत कुणी नव्हतं. एका हातानं गाडी उभी होईना, तशीच सोडली आणि पाऊण तास चालत रस्त्याला लागलो. आज मी जे शिकवतो ते सगळं त्या पाऊण तासात सुचलेलं आहे. चाक उचलायचं नंतर, ते खाली आणायला आधी शिकायचं. आणि खाली आणतो तो मागचा ब्रेक.

हे कसं होतं ते डोक्यात पक्कं बसू द्या. पुढचं चाक हवेत असताना मागचा ब्रेक दाबला की टायर जमिनीला धरून थांबायला बघतो, पण गाडीचं आणि तुमचं वजन वरच्या अंगाला असल्यामुळं ते पुढं जात राहतं. म्हणून नाक खाली येतं. थोडंसंच उचललेलं चाक नुसती रेस सोडूनही खाली येतं. पण गाडी एका हद्दीपलीकडं मागं कलली, की रेस सोडून उपयोग नाही. तिथं ब्रेकच वाचवतो, आणि पाय आधीपासून त्याच्यावर असेल तरच वाचवतो. पाय उचलून ब्रेक शोधायला लागणारा वेळ तुमच्याकडं नसतो.

आता जागा. रस्ता नाही, मग तो कितीही मोकळा दिसो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक गाडी चालवल्याबद्दल पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोरगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९ अ प्रमाणं पालक किंवा गाडीमालक अडकतो, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पण मला खरी भीती दंडाची नाही. रस्त्यावर समोरून दुधाचे कॅन लावलेली गाडी येते, शाळेतनं सुटलेली पोरं येतात, आणि चाक वर असताना तुम्हाला समोरचं अर्धं दिसत नाही, वळताही येत नाही. त्यांनी काय म्हणून तुमच्या सरावाची किंमत द्यायची? अठराच्या आतल्याला आणि लायसन नसलेल्याला मी शिकवत नाही, कितीही गयावया केली तरी.

आमच्या खानापूर तालुक्यात मुरमाड माळ भरपूर आहेत. मालकाला विचारून असा एक पट्टा घ्या. शंभर-दीडशे पावलं सरळ, किंचित चढाचा, दगडधोंडे वेचलेला. चढ यासाठी, की चाक कमी वेगात उठतं आणि गाडी आपोआप हळू होते. मुरूम यासाठी, की पडलात तर डांबरापेक्षा कमी सोलवटतं. आणखी एका गोष्टीसाठी मुरूम चांगला, ती पुढं सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या भाच्याला शिकवलं. वय एकवीस. दाजी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइम्बतूरला असतात, आमच्या भागातली निम्मी घरं तशीच बाहेर पोटाला लागलेली, त्यामुळं ताईनं तो माझ्यावर सोपवलेला. गाडी हिरोची एक्सपल्स २००. शिकायला ही गाडी मला आवडते. १९९.६ सीसी, ताकद बेताची, त्यामुळं आरएक्ससारखी अंगावर येत नाही. पुढच्या शॉकअपला १९० मिमी खेळ आहे, आपटली तरी सोसते. आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढं आहे, मागचा ब्रेक सरळ तुमच्या पायाच्या हुकमतीत. तुमच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जास्त फिरू न देणारी यंत्रणा असेल आणि ते बंद होत नसेल, तर त्या गाडीवर शिकू नका. चाक उठलं की ते मध्येच ताकद काढून घेतं आणि गाडी धाडकन खाली बसते.

गाडी तपासायला मी अर्धा तास घेतो. चेनची ढील मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच ठेवा. ढिली चेन झटक्यानं उतरते आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. क्लचला थोडा मोकळा खेळ हवा, आणि तो सोडताना केबल कुठं अडकता कामा नये. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, बघायला पुढचं चाक अधांतरी धरा आणि शॉकअप खालून मागंपुढं हलवा. टकटक जाणवली तर आधी कोनसेट. स्पोक वाजवून बघा, ढिला स्पोक बद्द वाजतो. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवं. गाडी मागं कलली की ऑइलही मागं जातं, कमी असेल तर पंपाला मिळत नाही. मागच्या टायरची हवा मी तीन-चार पीएसआय कमी करतो आणि घरी जाण्याआधी परत भरतो.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेक पेडलला द्या. बूट घालून बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि पंजा न उचलता पेडल दाबलं जातंय का बघा. भाच्याच्या गाडीचं पेडल उंच होतं. मी ते पान्यानं खाली घेतलं, बसवलं, परत थोडं खाली घेतलं. चौथ्या वेळी त्याचा पंजा पेडलवर असा टेकला की तो विसरूनच गेला. असंच हवं.

अंगावर फुल फेस हेल्मेट, आयएसआय खुणेचं. हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याला आणि कोपराला गार्ड, पाठीला प्रोटेक्टर. माणूस मागं पडतो तेव्हा आधी हात टेकतो, मग पाठ. आणि सोबत एक जाणतं माणूस, ज्याच्याकडं फोन आणि दुसरी गाडी आहे.

पहिला रविवार चाक उचलायचंच नाही. मी पट्ट्यावर दर दहा पावलांवर चुन्याची फक्की मारली. भाच्याला सांगितलं, पहिल्या गिअरमध्ये रेस थोडी चालू ठेवून जायचं आणि प्रत्येक पांढऱ्या रेषेवर मागचा ब्रेक दाबायचा, रेस न सोडता. सोपं वाटतं, पण हाताला आणि पायाला वेगवेगळं काम लावायची सवय आपल्याला नसते. पहिल्या वीस फेऱ्यांत त्यानं प्रत्येक वेळी रेस सोडली. मग मी रेषेवर ब्रेक मारायला सांगणं बंद केलं आणि बाजूला उभं राहून कधीही टाळी वाजवायला लागलो. टाळी म्हणजे ब्रेक. "मामा, उचलायचं कवा?" असं त्यानं पाच वेळा विचारलं. मी म्हटलं, टाळीच्या आधी तुझा पाय हलला की.

दुसऱ्या रविवारी क्लच. पहिला गिअर, दहा-पंधराचा वेग, सीटवर थोडं मागं सरकून बसायचं. हात सरळ पण सैल, गुडघ्यांनी टाकी धरलेली. हँडल ओढायचं नाही. ओढणाऱ्याचं चाक वाकडं उठतं. दोन बोटांनी क्लच जरासा दाबायचा, रेस मध्यापर्यंत न्यायची आणि क्लच चटकन सोडायचा. एक्सपल्सला एवढं पुरत नाही, ती हट्टी आहे. म्हणून आधी छातीचं वजन पुढं टाकून शॉकअप दाबायचे, आणि ते परत वर येत असतानाच क्लच सोडायचा. दोन्ही एका क्षणी जुळलं की चाक हलकं होऊन उठतं.

वीतभर उठलं की लगेच ब्रेक. किती उठलं हा विचार सोडा. उठलं, ब्रेक, टेकलं. भाच्याकडून मी हे दोन रविवार करून घेतलं. शंभराच्या वर वेळा झालं असेल. चाक वीतभरावर असताना पाय आपोआप दाबायला लागला, की दीड हातावर असतानाही दाबतो.

आता मुरमाची गोष्ट. प्रत्येक फेरीनंतर गाडी बंद करून आम्ही दोघं माग बघत चालायचो. हळू जाताना पुढच्या चाकाचा अरुंद माग मागच्या रुंद मागाच्या कडेनं आतबाहेर डोकावत असतो. चाक उठलं तिथून फक्त मागचाच माग. आणि टेकलं तिथं जमीन सगळं सांगते. खोल खळगा, कडेला मुरूम उडालेला, म्हणजे रेस एकदम सोडली आणि चाक आपटलं. खळगा एका अंगाला घसरलेला, म्हणजे हँडल वाकडं होतं. नुसता पुसट ठसा असेल तर रेस थोडी जिवंत ठेवून अलगद टेकवलंय. व्हिडिओत हे इतकं दिसत नाही. पोटरीएवढ्या उंचीच्या उड्डाणाचा आनंद त्याच्या तोंडावर असायचा, आणि मी त्याला खळग्यापाशी उकिडवा बसवून बोट लावायला सांगायचो.

टेकताना दोन गोष्टी सांभाळा. चाक सरळ असू द्या आणि पुढचा ब्रेक दाबलेला नसू द्या. हवेत पुढचा ब्रेक धरला तर चाक फिरायचं थांबतं, आणि थांबलेलं चाक जमिनीला लागलं की हँडलला झटका बसतो.

नजर पट्ट्याच्या शेवटाला. चाकाकडं बघितलं की माणूस घाबरून रेस सोडतो. चाक वर जाईल तसं समोरचं झाकतं, तेव्हा टाकीच्या कडेनं बघायचं.

उंची वाढवायची ती दर रविवारी थोडी. एका ठिकाणी गाडी वजनच नसल्यासारखी हलकी लागते, रेस जवळजवळ लागतच नाही. तोच तोल. तिथं पोचलात तर रेस कमी करा, पायानं हळू हळू टोचा द्या, आणि पहिल्या वेळी तिथं थांबू नका, उतरवा. तिथं राहायला शिकायला काही महिने लागतात आणि त्यासाठी मागं लोखंडी बार लावलेली वेगळी गाडी हवी. रोजच्या गाडीवर मी तो शिकवत नाही.

एका वेळी अर्धा तास पुरे. कोपराखालचा हात आखडला की बोटं उशिरा सुटतात. क्लचचा करपट वास आला की गाडी बंद, पंधरा मिनिटं सावलीत. सलग रेटलं तर क्लच प्लेटा जळतात, आणि गॅरेजवाला असूनही सांगतो, तो खर्च टाळा.

पाचव्या रविवारी भाच्याचा माग अकरा पावलं एकेरी होता आणि शेवटी खळगा नव्हता. तो तिथंच उभा राहून बघत राहिला. मी खाली बसून चेनला बोट लावलं. सकाळी ताणलेली चेन परत ढिली झाली होती. "पाना आण," म्हटलं, आणि पुढच्या फेरीआधी आम्ही दोघांनी ती ताणून घेतली.