शून्य फील्डचा बिंदू आणि ते दुसरं उत्तर

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास लावलेल्या कुणाचीही फिजिक्सची वही उघडा, दोन चार्जच्या रेघेवर इलेक्ट्रिक फील्ड (म्हणजे एकक धन चार्जवर पडणारा जोर) कुठं शून्य होतं, ते लहान चार्जपासून मोजायची एक चौकट सापडेल: दोन चार्जमधलं अंतर भागिले, मोठ्या-लहान चार्जच्या गुणोत्तराचं वर्गमूळ अधिक किंवा वजा एक. अधिक कधी आणि वजा कधी, हे चौकटीत नसतं. मार्क तिथंच जातात. पहिल्याच तासाला ट्रिक देणारे सर पोरांना फार आवडतात. मला नाही पटत.

दोन्ही चार्ज एकाच चिन्हाचे असतील तर काय विषयच नाही. बिंदू मध्ये, लहान चार्जच्या जवळ, चौकटीत अधिक. पुढं चला.

चिन्हं वेगळी आली की मात्र नीट बसा. +४ आणि −१ मायक्रोकूलॉम, मध्ये ३० सेंमी. −१ पासून बाहेरच्या बाजूचं अंतर ‘अ’ धरून दोन्ही फील्ड सारखी मांडली की वर्गसमीकरण येतं आणि त्याची दोन उत्तरं: ३० आणि −१०. हे −१० म्हणजे −१ पासून १० सेंमी आत, दोघांच्या मधोमध नव्हे पण मध्येच. पडताळा घेतला तर आणखी फसायला होतं, कारण तिथं दोन्ही फील्ड खरोखर सारखी भरतात, प्रत्येकी ९ लाख न्यूटन प्रति कूलॉम. आमची बरीच बॅच इथंच खूण करून मोकळी झाली होती.

आता दिशा बघा. धन चार्ज लांब ढकलतो, ऋण चार्ज आपल्याकडे ओढतो, म्हणजे दोन्ही बाण एकाच बाजूला. बंद पडलेली गाडी दोघं मागून ढकलताहेत आणि आपण म्हणतोय, जोर सारखा आहे म्हणजे गाडी जागची हलणार नाही! फील्ड तिथं शून्य नाही, १८ लाख आहे. समीकरण फक्त माप जुळवतं, दिशा त्याला ठाऊकच नसते.

खरा बिंदू −१ च्या पलीकडे ३० सेंमीवर, म्हणजे चौकटीत वजा. +४ च्या मागं शोधूच नका. तिथं मोठा चार्ज जवळही असतो, लहान त्याला पुरा पडत नाही.

म्हणून आधी पेन्सिलीनं रेघ, तिचे तीन भाग, प्रत्येक भागात दोन बाण. मग सूत्र. सीईटीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, एवढा वेळ कुठाय, असं म्हणाल. सवय झाली की बाण डोळ्यांनीच दिसतात, घाबरू नका. सीईटीत चुकलं तर एक मार्क बुडतो, जेईईत वर एक कापला जातो.

फील्ड शून्य म्हणून पोटेन्शियलही (एकक चार्ज लांबून तिथवर आणायला लागणारी ऊर्जा) शून्य धरू नका. वरच्याच गणितात त्या बिंदूवर पोटेन्शियल ३० हजार व्होल्ट आहे. ते शून्य होतं −१ पासून ६ सेंमी आत आणि १० सेंमी बाहेर. हो, पुन्हा तेच १०.

आणि +२, −२ असे सारखेच चार्ज दिले तर चौकटीतल्या वजाच्या सूत्रात छेदात शून्य येतं. तिथं गणित चुकलेलं नसतं. शून्य फील्डचा बिंदू त्या रेघेवर कुठंच नसतो.