प्रेडनिसोलोनचा कोर्स काळजीपूर्वक कसा पूर्ण करावा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या चौकटींत आईच्या गोळीचे मिलिग्रॅम लिहिलेले असत: १५, १५, १२.५, १०, न्याहारीनंतर गोळी घेतली की ती त्यावर फुली मारी. संधिवाताने आखडलेली बोटे मोकळी झाली, तेव्हा मात्र तिने गोळी परस्पर बंद केली आणि काही दिवसांतच उलट्या, कमालीचा थकवा व उठताना डोळ्यांपुढे अंधारी सुरू झाली.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दमा, संधिवात, तीव्र ॲलर्जी, मुलांमधील नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडांतून लघवीवाटे प्रथिने वाहून जाण्याचा विकार) अशा अनेक आजारांत सूज आणि अतिरेकी प्रतिकारशक्ती आवरण्यासाठी देतात. सुरुवात करण्यापूर्वी मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, अल्सर किंवा पूर्वी झालेला क्षयरोग यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना आपणहून सांगावे. अंगदुखीची गोळी सोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून तीही विचारूनच घ्यावी.

दिवसाचा एकच डोस असेल तर तो सहसा सकाळी, खाल्ल्यानंतर घ्यावा, कारण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल (शरीरात बनणारे नैसर्गिक स्टेरॉइड संप्रेरक) हेही सकाळीच सर्वाधिक असते आणि रात्रीच्या डोसाने झोप उडते. पहाटेची लोकल पकडणाऱ्याने रिकाम्या पोटी गोळी घेऊन धावू नये. आधी पोळीभाजीचे चार घास खावेत.

सर्वांत जपण्याची बाब म्हणजे डोस उतरवणे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवणे कमी करतात, आणि कोर्स साधारण ३ आठवड्यांहून लांबला असेल तर त्या पुन्हा कामाला लागेपर्यंत गोळी टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते. दम्याच्या झटक्यासाठी दिलेला ५-७ दिवसांचा कोर्स बहुधा थेट थांबवता येतो, पण तो निर्णयही डॉक्टरांचाच. आईला हे पहिल्याच दिवशी कोणी नीट समजावले असते, तर तिचे ते हाल टळले असते, असे मला आजही वाटते.

भूक वाढणे, चेहरा गोल होणे, चिडचिड हे परिणाम घरच्यांना लगेच दिसतात. साखर मात्र सकाळच्या डोसानंतर दुपारी-संध्याकाळी चढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नये. मीठ बेताचे राहावे म्हणून लोणचे-पापडही कमी करावे. कोर्स काही महिन्यांचा असेल तर हाडांची झीज, मोतीबिंदू आणि डोळ्यांतील दाब यांविषयी तपासणी, तसेच कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांबाबत विचारावे. या औषधामुळे जंतुसंसर्गाची लक्षणे झाकली जातात, म्हणून पावसाळ्यात साधा वाटणारा तापही अंगावर काढू नये. काळी शौच, धूसर दृष्टी किंवा सतत उलट्या झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

औषधाचे नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी. कोर्स संपल्यावरही वर्षभर ती काढू नये, कारण या काळात अपघात किंवा शस्त्रक्रिया झाल्यास जादा स्टेरॉइड द्यावे लागेल का, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते.