थंडीच्या तोंडावर कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी सल्ला : खाद्य, खुराडे आणि कोल्हा

दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पाळणाऱ्याची एकाच वेळी तीन बाजूंनी कोंडी होते. अंडी कमी होतात, खाद्य तेवढेच लागते आणि खुराड्याचे दार लावण्याची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे सरकत जाते. कोंबडीपालनाचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातले तोटे मात्र बहुतेकांना पहिल्या नुकसानीनंतरच कळतात. पाच-दहा किंवा फार तर पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणि यंदा नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्यांनी, थंडी पक्की होण्याआधी कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, हे येथे सांगितले आहे.

प्रथम हिशेब पाहू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला ३३ ते ३६ किलो खाद्य लागते. अंडी मात्र वर्षभर सारखी मिळत नाहीत. नियमित अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. तो कमी झाला की अंडी घटतात, आणि याच सुमारास एक वर्षावरच्या कोंबड्या पिसे गाळू लागतात. पिसे गळून नवी येईपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि तेवढा काळ अंडी जवळजवळ बंदच असतात. या दिवसांत ‘अंडीच देत नाही, मग खाद्य कशाला’ असा विचार करून हात आखडता घेऊ नये, कारण पिसे बहुतांशी प्रथिनांचीच असतात आणि उपाशी कोंबडीचा पिसारा भरायला अधिकच वेळ लागतो. पहाटे काही तास दिवा लावून उजेडाचे तास वाढवता येतात. दिवा संध्याकाळी लावून एकदम मालवला, तर झोपण्याच्या दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकून पडतात. छंदापुरत्या कोंबड्या असतील, तर त्यांना ही विश्रांती मिळू द्यावी, असे माझे मत आहे.

आता कोल्ह्याकडे वळू. मराठीत ‘कोल्हा’ हा शब्द आपण बराच सैल वापरतो. खोकड हा लहान चणीचा, झुबकेदार शेपटीचा प्राणी वेगळा आणि कळपाने ओरडणारा कोल्हा वेगळा. मात्र खुराड्याच्या दृष्टीने दोघांची रीत पुष्कळ सारखी आहे आणि बंदोबस्तही एकच आहे, म्हणून येथे दोघांनाही कोल्हाच म्हटले आहे. थंडीच्या सुरुवातीला धोका वाढण्याचे एक कारण असे, की वसंतात जन्मलेली खोकडाची पिल्ले तोवर मोठी होऊन स्वतःची हद्द शोधत हिंडू लागतात. त्यांना तुमच्या आवाराची ओळख नसते आणि भीतीही नसते. पुढे वसंतात पिल्लांना भरवण्याच्या दिवसांत नर-मादी दोघेही भर दिवसा शिकारीला येतात, त्यामुळे ‘कोल्हा रात्रीच येतो’ हा समज महागात पडतो.

पहिल्या वर्षी मी स्वतः पातळ तारेची षटकोनी जाळी लावून निश्चिंत झालो होतो. एके सकाळी जाळीच्या खालच्या कडेशी ओंजळभर माती उकरलेली दिसली, तारेची दोन घरे फाकलेली होती आणि तिथून कुंपणापर्यंत तांबड्या पिसांची रेघ गेली होती. अकरा कोंबड्यांपैकी सात आत मरून पडल्या होत्या, दोन नेल्या होत्या आणि उरलेल्या दोन सर्वांत वरच्या दांडीवर अंग चोरून बसल्या होत्या. कोल्हा क्रूर म्हणून इतक्या कोंबड्या मारतो, असे लोक समजतात. खरे कारण असे, की रानात एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जातात, तर खुराड्यात ते पळू शकत नाहीत, समोर फडफडत राहतात आणि शिकारीची ऊर्मी पुन्हा पुन्हा चाळवली जाते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये या अतिरिक्त शिकारीवर लिहिताना, काळोख्या रात्री जमिनीवर बसलेले कुरव (सीगल) पक्षी कोल्हे खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक मारतात, हे नोंदवले आहे. कोल्हा जास्तीची शिकार नेऊन पुरूनही ठेवतो. म्हणूनच एकदा यश मिळालेला कोल्हा पुढच्या काही रात्रींत परत येणारच, असे धरून चालावे आणि दुरुस्ती त्याच दिवशी करावी.

षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी तोडतो. खुराड्याला आणि रात्रीच्या आवाराला जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्ड केलेली जाळी लावावी. घरे लहान असली, तर कोल्ह्याबरोबर मुंगूस आणि उंदीरही अडतात, आणि मोठे साप शिरण्याची वाटही बंद होते. जाळी लाकडाला नुसत्या बारीक खिळ्यांनी ठोकू नये. स्क्रू आणि रुंद वॉशर किंवा लाकडी पट्टी यांत दाबून बसवावी, कारण जाळी मजबूत असली तरी ती कडेने उचकटली जाते. उकरून आत येणे हा कोल्ह्याचा आवडता मार्ग आहे. त्यासाठी जाळी जमिनीत फूटभर खोल गाडावी किंवा, खडकाळ जमीन असेल तर, पायथ्याशी बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद पट्टा जमिनीवर अंथरून खुंट्यांनी पक्का करावा. कोल्हा भिंतीच्या अगदी कडेशीच उकरू लागतो आणि त्याच्या नखांना तारच लागते; दोन पावले मागे सरून उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही. उघड्या आवाराचे कुंपण किमान सहा फूट उंच असावे आणि वरची फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला कललेली, किंचित सैल ठेवावी, म्हणजे चढणाऱ्याला आधार मिळत नाही. शक्य असेल तेथे वरूनही जाळी टाकावी, म्हणजे घारी-ससाण्यांचाही प्रश्न सुटतो.

विजेच्या झटक्याचे कुंपण परिणामकारक असते, मात्र त्याच्याकडे रोज लक्ष द्यावे लागते. खालच्या तारेला गवत टेकले की झटक्याचा जोर उतरतो, आणि कोल्हा नेमका त्या खालच्या तारेपाशीच हुंगत येतो. यासाठी खास बनवलेले मान्यताप्राप्त यंत्रच वापरावे. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे माणसांच्या जिवावर बेतते. लुकलुकणारे दिवे, रेडिओ, माणसाचे केस टांगणे या युक्त्यांना कोल्हा थोड्याच दिवसांत सरावतो. त्यांच्यावर फार विसंबू नये.

सर्वांत कच्चा दुवा दार हा असतो, आणि त्याहून कच्चा ते लावणारा माणूस. सरकती कडी नाकाने ढकलली जाते, म्हणून कडीला कोयंडा आणि त्यात अडकवण्याचा हूक असावा. संध्याकाळी दार लावण्यापूर्वी कोंबड्या मोजाव्यात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली एखादी झुडपाखाली राहिली, तर अंधार पडल्यावर तिला धड दिसत नाही आणि ती स्वतःहून परत येत नाही. उजेडावर किंवा घड्याळावर चालणारी स्वयंचलित दारे सोयीची आहेत, पण घड्याळावर चालणाऱ्या दाराची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. दार बसवले तरी रोज एकदा डोळ्यांनी पाहणे सुटत नाही.

कोल्ह्याइतके बोलले न जाणारे, पण रोजचे नुकसान उंदरांचे. ते खाद्य खातात, त्यावर मुततात, रोग पसरवतात आणि त्यांनी पाडलेले भोक पुढे मुंगसाला उपयोगी पडते. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, सांडलेले संध्याकाळी झाडून घ्यावे आणि खाद्याचे भांडे रात्री बाहेर ठेवू नये. विष ठेवायचेच असेल, तर कोंबड्यांना पोहोचणार नाही अशा बंद पेटीत ठेवावे. मेलेला उंदीर कोंबडीने टोचून खाल्ला, तर तिलाही विषबाधा होऊ शकते.

थंडीत हौसेने केली जाणारी मोठी चूक म्हणजे खुराडे चहूबाजूंनी बंद करणे. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि फुगवलेल्या पिसांत ती कोरडी थंडी चांगली सोसते. तिला बाधते ती ओल आणि अंगावर येणारा झोत. श्वास आणि विष्ठा यांतून सुटणारी वाफ बाहेर गेली नाही, तर तुरे गारठून काळे पडतात आणि अमोनियाने डोळे व श्वासनलिका चुरचुरतात. सकाळी दार उघडताच वास नाकात भरला, तर हवा कमी पडते आहे, असे समजावे. दांड्यांच्या उंचीवर झोत येऊ देऊ नये, पण छताखाली, दांड्यांहून वर, हवा खेळण्यासाठी जाळीबंद फटी कायम उघड्या ठेवाव्यात. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर जाड थर अंथरून कोंबड्या ठेवल्या असतील तर, खालचे तूस किंवा भुसा मुठीत दाबून पाहावा. गोळा होत असेल, तर तो भाग काढून कोरडे घालावे. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात आणि लहान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, त्या रोगाला आधी बळी पडतात. उष्णतेचा दिवा लटकवणे शक्यतो टाळावे, कारण धूळ, पिसे आणि कोरडा भुसा यांच्यामध्ये तो आगीचे निमित्त ठरतो.

दांड्यांच्या टोकांशी, जिथे लाकूड लाकडाला भिडते, तिथे रात्री बॅटरी घेऊन पाहावे. दिवसा फटीत लपून रात्री कोंबड्यांचे रक्त पिणारे लाल माइट नावाचे बारीक जीव तिथे सापडतात. पांढरा कागद फटीवरून ओढला आणि तांबडा फराटा उठला, तर ते आहेतच. ते खाण्याशिवाय कित्येक महिने जगतात, त्यामुळे रिकामे खुराडे सुरक्षित असते, हा समज खोटा आहे. कोंबडीला औषध लावून हे संपत नाहीत. फटी धुऊन, वाळवून त्यांचाच बंदोबस्त करावा लागतो, आणि औषध पशुवैद्याला विचारूनच वापरावे.

स्थलांतरित पक्ष्यांच्या हंगामात बर्ड फ्लूची भीती वाढते. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये या रोगाची १८ माणसांना लागण होऊन ६ जण दगावले, तेव्हापासून जगभर याकडे फार गांभीर्याने पाहिले जाते. पाणी आणि खाद्य रानपक्ष्यांना दिसणार नाही अशा छताखाली ठेवावे, खुराड्यासाठी वेगळी चप्पल किंवा बूट ठेवावेत, नव्या कोंबड्या किमान तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात आणि एकाएकी अनेक पक्षी मेले, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवावे. एरवीही अंडी गोळा केल्यावर साबणाने हात धुणे, विशेषतः लहान मुलांचे, सोडू नये.

बागेचे नुकसानही ध्यानात घ्यावे : मोकळ्या कोंबड्या रोपांच्या मुळाशी धुळीत लोळण्यासाठी खड्डे करतात आणि आवारातले गवत एका हंगामात नाहीसे करतात. त्यांचे ताजे खत जहाल असते. ते पूर्ण कुजल्याशिवाय रोपांना घालू नये. कोंबडा पाळण्याआधी शेजाऱ्यांशी बोलावे आणि तुमच्या भागात तो पाळण्याची मुभा आहे का, हे विचारून घ्यावे.

शेवटी उरतो वेळेचा आणि वयाचा प्रश्न. सकाळी उघडणे, संध्याकाळी मोजून लावणे हे काम वर्षाचे सगळे दिवस असते, आणि परगावी जायचे झाल्यास त्यासाठी भरवशाचे माणूस आधी शोधावे लागते. त्याला एक संध्याकाळ तरी स्वतःबरोबर उभे करून कडी कशी लावायची ते दाखवावे. कोंबडी भरपूर अंडी देते ती पहिली दोन वर्षे, पण जगते पाच ते आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक. म्हाताऱ्या कोंबड्या सांभाळायच्या की नाही, याचा निर्णय पहिली तलंग आणण्याआधी घरात बोलून ठरवावा, कारण तोवर मुलांनी तिला नाव ठेवलेले असते.