वनस्पतींचे जीवाश्म शोधताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

पारसिकच्या डोंगराजवळ किंवा तुर्भ्याच्या जुन्या दगडखाणींच्या परिसरात मिळालेला दगड दाखवून नेच्याचा जीवाश्म सापडल्याचे सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा ती मँगॅनीज ऑक्साइडची नक्षी, म्हणजेच डेंड्राइट असते. भेगेत झिरपणाऱ्या पाण्यातून हे खनिज साचते. दहापट भिंगाखाली फरक उघड होतो: नेच्याच्या पानाला मधली शीर असते, तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतराने पर्णके फुटलेली असतात आणि पर्णकांतही बारीक शिरा दिसतात, डेंड्राइटच्या फांद्या मात्र वाटेल तशा पसरतात आणि त्यांत शीर कुठेच नसते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बेसॉल्टचे उभे खांबही दगड झालेले बुंधे नव्हेत. लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे ते तयार झाले आहेत.

मुळात बेसॉल्ट फोडत बसणे हीच चूक आहे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान तळ्यांत साचलेल्या गाळाच्या अंतरट्रॅपी थरांतच पाने, बिया किंवा लाकूड मिळण्याची आशा असते. मुंबईत वरळी आणि मलबार हिल येथील अशा थरांतून बेडूक, कासव आणि वनस्पतींचे अवशेष नोंदले गेले आहेत. नजर तयार करायची असेल, तर मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यातले घुघुवा जीवाश्म उद्यान अवश्य पाहावे. तेथील एकही तुकडा मात्र उचलू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक परवानगीची आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि कर्नाळा हे अभयारण्य आहे. जंगलातील खडक व खनिजे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनोपजात मोडतात, आणि राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून वनोपज नेण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मनाई करतो. राखीव वनांतही दगड काढणे गुन्हा आहे, मग तो ओढ्यात सुटा का पडलेला असेना. इतरत्र आधी सातबारा पाहावा, जमीन खासगी, सिडकोची की वन विभागाची हे समजून घ्यावे आणि मालकाची किंवा खाणपट्टेधारकाची लेखी परवानगी सोबत ठेवावी. खाणीवरच्या वॉचमनने मान डोलावली, म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

नमुना मिळालाच, तर नळाखाली धुण्याची घाई करू नये, कारण शेल (गाळ घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) पाण्यात भुसभुशीत होतो आणि पानाचा कार्बनचा पातळ थर त्याबरोबर निघून जातो. मऊ ब्रशने कोरडीच धूळ झाडावी, व्हार्निश लावू नये आणि तुकडा टिश्यू पेपरात गुंडाळून डबीत ठेवावा.

काढण्यापूर्वी पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यावा, आणि जीपीएस स्थान, थर, तारीख व परवानगी देणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच डबीत टाकावी. अशी नोंद असलेला वेगळा वाटणारा नमुना भूशास्त्र विभागाला किंवा लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेला दाखवता येतो. नोंदीवाचून तज्ज्ञालाही त्याचा थर आणि वय खात्रीने सांगता येत नाही.